गुलाबी बोंडअळीचं गणित

लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या शिवारात आज सोयाबीन आणि तूर असली, तरी उत्क्रांतीचं गणित शिकायला मराठवाड्यातलं सर्वांत बोलकं उदाहरण कापसाचंच आहे. अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी वाणाला २००२ साली परवानगी मिळाली. २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने दोन जनुकांच्या बीटीचाही फडशा पाडला. गणिताला हे अनपेक्षित नव्हतं. प्रतिकाराचं अप्रभावी जनुक हजारात एक या प्रमाणात असेल, तर हार्डी-वाइनबर्ग नियमानुसार त्याच्या दोन्ही प्रती असलेली अळी दहा लाखांत एक असते, एकच प्रत असलेल्या सुमारे दोन हजार. शेजारी साधा कापूस असेल, तर तिथले पतंग बीटीवर वाचलेल्या एखाद्याशी जोडी जमवतात. पिल्लांना एकच प्रत मिळते आणि ती बीटीवर मरतात. म्हणूनच बीटीच्या पाकिटासोबत साधं बियाणं दिलं जाई. बहुतेकांनी ते पेरलं नाही. आपलं रान अळीला कोण देईल?

कागदावरचं गणित बांधावर टिकत नाही, असा आक्षेप येतो. इथे ते कुठे टिकलं नाही, हेही गणितच सांगतं. एक प्रत असलेली अळी मरते, हे त्याचं गृहीतक. पण संकरित वाणाच्या बोंडात काही सरक्यांत विष अपुरं असतं, आणि ही अळी सरकीच खाते. एक प्रत असलेल्या त्या दोन हजार वाचू लागल्या, की प्रतिकार झपाट्याने पसरतो. यासाठी फार गणित लागतं म्हणावं, तर हार्डी-वाइनबर्ग नियम म्हणजे (अ + ब)²चाच विस्तार, आणि तो शाळेतच येतो. नैसर्गिक निवडीची अशी समीकरणं जीवशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९२४ पासूनच मांडली होती. लातूर-नांदेडच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला तीच समीकरणं तुरीवरच्या घाटेअळीला लावून, एकच कीटकनाशक सलग फवारलं तर काय होईल, हे पिढीगणिक मांडून पाहता येईल.