अजगर पाळावा काय?

यंदा गणपतीच्या सुट्टीत मी बडोद्याला मामाकडे गेले होते. बेळगावहून निघून पुण्याला गाडी बदलून पोहोचेपर्यंत अंग आंबून गेले होते. चहा घेऊन जरा पडावे असा विचार चालला होता, तेवढ्यात मामेभाऊ कानाशी लागला. "ताई, मागच्या नळापाशी चल. पण कुणाला सांगू नकोस."

नळापाशी एक प्लॅस्टिकची बादली पालथ्या ताटाने झाकलेली होती आणि ताटावर वीट ठेवलेली होती. वीट काढून ताट किंचित सरकवले तेव्हा आत वेटोळे घालून बसलेला साप दिसला. अंगावर तपकिरी, वेडेवाकडे ठिपके. माझ्या घशाला कोरड पडली. भावाने मात्र अभिमानाने सांगितले, "अजगराचे पिल्लू आहे. पट्टीने मोजलं, एकवीस इंच."

मामाचे घर विश्वामित्रीच्या कोतराजवळ आहे. नदीकाठच्या घळींना तिकडे कोतर म्हणतात. ही नदी पावागडच्या डोंगरात उगम पावून शहरातून वाहते आणि तिच्या पात्रात शेकडो मगरी आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा त्या वस्तीत शिरल्या होत्या. त्यामुळे मगर, घोरपड, साप यांचे बडोदेकरांना आपल्याइतके अप्रूप नाही. अजगराची मादी उन्हाळ्यात अंडी घालते, त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसते आणि स्नायू थरथरवून त्यांना ऊब देते. दोनेक महिन्यांनी, पावसाळ्याच्या सुमारास, दीड-दोन फुटांची पिले बाहेर पडतात आणि आपापले पोट भरू लागतात. आई त्यांना सांभाळत नाही. त्यांतलेच एक मामाच्या कुंड्यांमागे आले असावे.

गुपित संध्याकाळपर्यंत टिकले. मामी पाणी भरायला मागे गेली आणि "खडचितळो!" अशी किंकाळी तिने मारली. खडचितळो म्हणजे आपली घोणस, कन्नडात कोळकुमंडल. भाऊ हसू लागला, पण मामीचे भय अगदीच अनाठायी नव्हते. अजगराचे पिल्लू आणि घोणस यांत फसगत होते, आणि या फसगतीने माणसे दगावली आहेत, कारण घोणस अतिशय विषारी आहे. घोणशीच्या अंगावर साखळीच्या कड्यांसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या नेमक्या रांगा असतात, खवले खरखरीत असतात आणि डिवचली की ती कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते. अजगराचे ठिपके वेडेवाकडे, नकाशातल्या बेटांसारखे, आणि अंग गुळगुळीत असते. हे सगळे वाचायला सोपे आहे, पण तिन्हीसांजेला ओल्या कुंड्यांमागे नव्हे. भावाने ते पिल्लू हाताने उचलले होते. ते अजगरच निघाले हे त्याचे नशीब.

मग घरात खल सुरू झाला. मामाचे मत एका वाक्यात संपले. "महाराजांनी १८७९ साली सयाजीबाग केली, तिथे प्राणिसंग्रहालय आहे, देऊन टाका." बडोद्याच्या मराठी घरांत कोणताही प्रश्न शेवटी सयाजीरावांपाशी येऊन थांबतो! भावाने मात्र हट्ट धरला. साप बिनविषारी, भुंकत नाही, रोज फिरवावा लागत नाही, पंधरा दिवसांतून एकदा खातो, मग अडचण काय? मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तू कॉमर्सवाली. खर्च काढून दाखव आईला."

मी वहीच्या मागच्या पानावर खरोखरच खर्च काढायला बसले. खरे सांगायचे तर मलाही ते पिल्लू आवडले होते. भावाने बादलीत ठेवलेल्या फांदीला शेपटीने विळखा घालून ते वर पाहत होते आणि दर चार-पाच सेकंदांनी जीभ बाहेर काढून हवेचा वास घेत होते. पसंतीकडे झुकलेल्या मनानेच मी आकडे मांडू लागले, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पहिलीच अडचण अशी की कशाचा खर्च काढायचा? एकवीस इंचांच्या सापाचा की पुढे होणाऱ्या सापाचा? आपला भारतीय अजगर भरपूर खायला मिळाले तर दोन-तीन वर्षांत सात-आठ फुटांचा होऊ शकतो. पूर्ण वाढीला दहा-बारा फूट सहज, क्वचित पंधरा. मोठ्या मादीचे वजन पन्नास किलोच्या घरात जाते. नीट सांभाळला तर वीस-पंचवीस वर्षे जगतो. मी सुतळीचा गुंडा घेऊन बारा फूट मोजले आणि ती सुतळी घरात पसरली. एक टोक देवघराच्या उंबऱ्याला आणि दुसरे स्वयंपाकघरातल्या फ्रीजला लागले. मामी ती सुतळीसुद्धा ओलांडीना.

सुतळी पाहून मला दोन्ही भाषांतली नावे आठवली. संस्कृतातून आलेल्या 'अजगर' शब्दाचा अर्थ बकरा गिळणारा. कन्नडात त्याला 'हेब्बावु' म्हणतात, म्हणजे सरळ 'मोठा साप'. नाव ठेवणाऱ्यांपैकी कुणालाही बादलीतले पिल्लू डोळ्यांपुढे आणावेसे वाटले नाही.

आता खाणे. पिलाला उंदराची पिले, मग मोठे उंदीर, आणि पूर्ण वाढलेल्या अजगराला दोन-तीन आठवड्यांना एक कोंबडी किंवा ससा. वर्षाला वीस कोंबड्या धरल्या तर वीस वर्षांत चारशे! मामाच्या घरात अंडेसुद्धा शिजत नाही. शिवाय जिवंत उंदीर पिंजऱ्यात सोडला तर तो सापालाच चावून जखमी करतो, म्हणून जाणकार मेलेले, गोठवलेले भक्ष्य कोमट करून देतात. म्हणजे श्रीखंडाच्या डब्याशेजारी उंदरांची पिशवी. हे मी मोठ्याने वाचले तेव्हा मामीने पदर तोंडाला लावला.

मग ऊब. एरवी साप आपले अंग आतून तापवू शकत नाही. त्याला पिंजऱ्याच्या एका बाजूला तीस अंशांच्या वर ऊब लागते आणि दुसरी बाजू थंड लागते, म्हणजे हवे तेव्हा तो जागा बदलतो. गारठ्यात त्याला पचत नाही. गिळलेले तो ओकून टाकतो किंवा ते पोटातच सडते. बडोद्याचा उन्हाळा फुकट ऊब देईल, पण थंडीचे चार महिने शंभर वॅटचा दिवा रोज बारा तास लावला तर एकशे चव्वेचाळीस युनिट वीज लागेल. हा आकडा फारसा भयंकर नाही. भयंकर आहे तो पिंजरा. अजगराला निदान अंग ताणून पडता यावे, पाण्यात बुडून बसता यावे. म्हणजे पिंजरा नव्हे, एक खोली हवी. दार बाहेरून कुलपाचे हवे, कारण हा प्राणी सगळा स्नायूंचाच असतो आणि सैल झाकण डोक्याने रेटून उघडतो. मामाच्या घरात खोल्या तीन.

आमच्या हिशेबशास्त्रात घसारा नावाची गोष्ट शिकवतात. यंत्र घेतले की दरवर्षी त्याची किंमत थोडी कमी होते आणि शेवटी मोडीत काहीतरी येते. येथे उलटेच होते. वस्तू दरवर्षी वाढते, खर्च दरवर्षी वाढतो आणि शेवटी मोड म्हणून कुणी घेत नाही. विकायची तर सोय नाहीच. ही कायद्याची बाजू मी सर्वांत शेवटी पाहिली, खरे तर ती आधी पाहायला हवी होती.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात भारतीय अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. तो घरात ठेवता येत नाही, विकता येत नाही, देताही येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्याविषयीच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आणि निदान पंचवीस हजार रुपये दंड आहे. 'मी पकडला नाही, तो आमच्याच अंगणात आला' असे म्हणूनही सुटका नाही. असा प्राणी सरकारची मालमत्ता मानला जातो आणि तो ताब्यात आला तर अठ्ठेचाळीस तासांत पोलिसांना किंवा वनखात्याला कळवावे लागते. मी घड्याळ पाहिले. बादलीवर ताट ठेवून सव्वीस तास झाले होते.

भाऊ बराच वेळ गप्प बसला. मग त्याने दुसरी वाट काढली. त्याच्या वर्गातल्या कुणाच्या तरी ओळखीत परदेशी जातीचे साप मिळतात, पिवळाधमक बर्मी अजगरसुद्धा. "तो तर इकडचा नाही ना?" पण बर्मी अजगर आपल्या ईशान्य भारतात रानात राहतो आणि तोही पहिल्याच अनुसूचीत आहे. पिवळा रंग असला म्हणून जात बदलत नाही. अनुसूचीबाहेरच्या परदेशी जाती, उदाहरणार्थ आफ्रिकेतला चार-पाच फुटांचा बॉल पायथन, यांची गोष्ट वेगळी. २०२० साली केंद्र सरकारने असे प्राणी बाळगणाऱ्यांना स्वतःहून माहिती देण्याची मुदत दिली होती. २०२४ च्या नियमांनी आंतरराष्ट्रीय करारातील जातींची नोंदणी सक्तीची केली. प्राणी जन्मला, दुसऱ्याकडे गेला किंवा मेला तरी कळवावे लागते. कागद न दाखवता पिशवीतून साप देणारा माणूस यांतले काहीच सांगत नसतो.

परदेशी मोठा साप हौसेने आणून मग जड झाला की काय होते, हे अमेरिकेतल्या फ्लोरिडाने दाखवले आहे. लोकांनी बर्मी अजगर पाळले आणि मोठे झाल्यावर दलदलीत सोडून दिले. काही निसटले. २००० सालापर्यंत ते एव्हरग्लेड्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढू लागले आहेत हे मान्य करावे लागले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, जेथे अजगर फार दिवसांपासून आहेत तेथे रॅकून नावाचा प्राणी दिसण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. त्याच वर्षी अमेरिकेने या जातीची आयात बंद केली. तोवर उशीर झाला होता.

"पण तो मला ओळखायला लागेल," भाऊ म्हणाला. यावर मला चटकन उत्तर सुचले नाही. कुत्रा आनंदाने शेपटी हलवतो, तसे सापाचे नाही. माणसाच्या हाताची त्याला सवय होते, भय कमी होते, एवढेच. त्याच्या ओठांवर उष्णता जाणणाऱ्या खाचा असतात. हाताला उंदराचा वास राहिला तर गरम हात आणि गरम उंदीर यांत तो फरक करीत नाही, आणि यात त्याचा दोषही नाही. अजगर भक्ष्याला गुदमरवून मारतो असे आपण शाळेत शिकलो, पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बोआ जातीच्या सापाच्या विळख्याने उंदराचे रक्ताभिसरणच काही सेकंदांत बंद पडते असे दिसले. आठ-दहा फुटांच्या पुढचा अजगर एकट्याने हाताळू नये असे जाणकार सांगतात ते याचसाठी. कॅनडातल्या कॅम्पबेलटन येथे २०१३ साली पिंजऱ्यातून निसटलेल्या आफ्रिकी अजगराने झोपलेल्या दोन लहान भावंडांचा जीव घेतला. अशा घटना फार विरळ आहेत हेही सांगितले पाहिजे. आपल्या भारतीय अजगराचा स्वभाव सुस्त आणि माणसाला टाळणारा आहे. शेतात घुशी-उंदीर खाऊन तो शेतकऱ्याचे कामच करतो.

पण भावाला गप्प केले ते कॅनडाने नाही आणि कायद्यानेही नाही. तो बारावीत आहे. पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगला कुठे नंबर लागेल ते त्यालाच माहीत नाही. मी एवढेच विचारले, "तू वसतिगृहावर गेलास की पाच फुटांच्या सापाला उंदीर कोण घालणार?" त्याने आईकडे पाहिले. मामी काही बोलली नाही. पण मला वाटते, त्याने एकदा गळ घातली असती तर तिने डोळे मिटून तेही केले असते. म्हणूनच बहुधा त्याने गळ घातली नाही.

रात्री मामांनी वनखात्याला फोन लावला. नंबर शोधावा लागला नाही, पुराच्या वेळी तो दारामागे खडूने लिहून ठेवलेला होता. सकाळी आरतीच्या आधी एक गृहस्थ कापडी पिशवी घेऊन आले. त्यांनी पिल्लू दोन बोटांनी मानेमागे धरून पाहिले, जखम नाही ना याची खात्री केली आणि विचारले, "काही खायला घातले का?" भावाने दुधाची वाटी दाखवली. साप दूध पीत नाही, हे बारावी विज्ञानच्या मुलालाही ऐन वेळी आठवले नव्हते. गृहस्थ हसले आणि कुठे सापडले, किती वाजता सापडले, ते वहीत लिहून घेतले. तपासून त्याच भागातल्या कोतरात सोडू, दूर नेले तर त्याला बिळे आणि पाणी नव्याने शोधावे लागते, असे त्यांनी सांगितले.

सापडल्याची वेळ सांगताना भाऊ अडखळला. मी खरी वेळ सांगितली. अठ्ठेचाळीसला अजून सात तास बाकी होते.

ते गेल्यावर भावाने बादली घासून उन्हात पालथी घातली. मामीने ती पुन्हा घरात घेतली नाही. माझ्या वहीचे पान मात्र त्याने फाडून मागून घेतले. त्यावर हिशेबाखाली पेन्सिलीने एक रेघ ओढलेली आहे, बरोबर पट्टीच्या लांबीची, आणि शेजारी '+ ९ इंच' असे लिहिलेले आहे, कारण पट्टी बारा इंचांचीच होती.