ताडपत्री : जाडीच्या आधी माप

पावसाळ्याची पूर्वतयारी : लेखांक ४

ताडपत्रीच्या दुकानात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बहुधा ‘किती जीएसएमची?’ असा असतो आणि दुसरा ‘चौरस फुटाला काय भाव?’ असा. या दोन उत्तरांवर सौदा ठरतो. माप त्यानंतर येते, तेही अंदाजपंचे, आणि कडा, आयलेट, दोरी यांचा विषय तर पुष्कळदा निघतही नाही. हा क्रम बदलायला हवा, असे मला ठामपणे वाटते. ताडपत्री मापाबरहुकूम करून घ्यायची असेल तर पैसा आधी बरोबर मापावर आणि मजबूत कडांवर खर्चावा, उरेल तो जाडीवर. ताडपत्री मधोमध झिजून निकामी झालेली क्वचितच दिसते. ती आयलेटपाशी उसवते, वाऱ्याने फडफडून कडेला चिरते, पाण्याचा झोळ पडून तुटते किंवा उन्हाने पिचते. यांतल्या बहुतेक दुखण्यांवर नुसती जाडी वाढवून उपाय होत नाही.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. आपल्याकडे सर्वाधिक खपणारी ताडपत्री एचडीपीईची असते. प्लॅस्टिकच्या ताणलेल्या अरुंद पट्ट्या उभ्या-आडव्या विणायच्या आणि त्या विणीवर दोन्ही बाजूंनी पातळ प्लॅस्टिकचा थर चढवायचा, अशी तिची घडण. ताकद येते ती विणीतून. वरचा थर पाणी अडवतो. आता वजन वाढवायचे तर दाट वीण देता येते, तसाच वरचा थर जाड करता येतो, किंवा प्लॅस्टिकमध्ये कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी जास्त मिसळता येते. तिन्ही वाटांनी काट्यावरचा आकडा वाढतो, पण ताकद खऱ्या अर्थाने वाढते ती पहिल्याच वाटेने. म्हणून सारख्याच जीएसएमच्या दोन ताडपत्र्या दोन वेगळ्या लायकीच्या असू शकतात. एचडीपीई ताडपत्रीसाठी आयएस ७९०३ हे भारतीय मानक आहे. विक्रेत्याला त्याबद्दल विचारावे आणि माल त्या मानकाचा असल्याचे तो सांगत असेल तर ते बिलावर लिहून घ्यावे.

जीएसएम निरुपयोगी आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. फसवणूक पकडायला तो फार चांगला आहे, कारण त्याची पडताळणी घरच्या काट्यावर होते. २४ बाय १८ फुटांची ताडपत्री म्हणजे ४३२ चौरस फूट, साधारण ४० चौरस मीटर. ती २०० जीएसएमची असेल तर नुसते कापडच ८ किलो भरायला हवे. दोरी आणि आयलेट धरून थोडे जास्तच. काटा ६ किलो दाखवत असेल तर हातात १५० जीएसएमचा माल आला आहे. इतका सोपा हिशेब असूनही वजन करून घेणारे गिऱ्हाईक विरळा. काही ठिकाणी जाडी मायक्रॉनमध्ये सांगतात. मायक्रॉन आणि जीएसएम हे आकडे जवळपासचे दिसले तरी एक नव्हेत, म्हणून भावांची तुलना करताना दोन्ही विक्रेत्यांकडून एकाच परिमाणात उत्तर घ्यावे.

मापाकडे वळू. मराठवाड्यात, विदर्भात सोयाबीनची काढणी आणि परतीचा पाऊस पुष्कळदा एकाच वेळी येतात, आणि मळणीपर्यंत सुडी झाकून ठेवावी लागते. समजा सुडी बुडाशी २० फूट लांब, १२ फूट रुंद आणि ६ फूट उंच आहे, चारही बाजूंनी सारखी उतरती. बुडाचे क्षेत्रफळ २४० चौरस फूट. पण झाकायचा असतो तो उतार. एका बाजूचा उतार साडेआठ फुटांचा, म्हणजे रुंदीत सुडीवरून जमिनीपर्यंत १७ फूट. लांबीत माथ्याचे ८ फूट आणि दोन्ही टोकांचे उतार मिळून २५ फूट. कडा जमिनीवर टेकून त्यांवर दगड किंवा मातीची पोती ठेवायची, तर प्रत्येक बाजूला दीड फूट वाढवावे लागते. हिशेब २८ बाय २० फुटांवर, ५६० चौरस फुटांवर जातो. बुडाच्या सव्वादोन पटींहून जास्त. बुडाचे माप सांगून त्यात थोडी वाढ धरणाऱ्याला ताडपत्री अपुरी पडणार हे गणितातच आहे. बिनचूक रीत एकच : दोरी एका बाजूच्या जमिनीपासून माथ्यावरून पलीकडच्या जमिनीपर्यंत टाकावी, तीच दोरी मोजावी, मग कडांची वाढ धरावी. ट्रकच्या मालाला आणि छपरालाही हीच रीत लागू पडते. मागणी नोंदवताना ‘तयार माप’ हे शब्द लिहावेत. कापडाचे कापतानाचे माप आणि कडा दुमडून, जोड मारून झाल्यावरचे माप यांत फरक पडतो. २४ बाय १८ मध्ये दोन्हीकडे अर्धा-अर्धा फूट गेला तरी सुमारे ५ टक्के क्षेत्र जाते, आणि ते नेमके कडेचे जाते.

छपरावरच्या ताडपत्रीत उतार मापाइतकाच महत्त्वाचा. १० बाय १० फुटांच्या जागेत सरासरी १ इंच पाणी साचले तर त्याचे वजन सुमारे २३६ किलो होते. ताडपत्री १२० जीएसएमची असो की २५० ची, हा भार आयलेट आणि दोऱ्यांवरच येतो. जाड कापड तगले तर आयलेट उपटले जाते. त्यामुळे १० फुटांना निदान दोन-अडीच फुटांचा उतार मिळेल असे माप ठरवावे. आयलेट पितळी किंवा ॲल्युमिनियमचे, साधारण ३ फुटांच्या अंतरावर, कोपऱ्यांना दुहेरी तुकडा लावून, आणि कडेच्या दुमडीत दोरी घालून घ्यावेत. हे सारे मागणीच्या कागदावर आधी लिहिले नाही तर मिळेलच याची शाश्वती नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की तयार मापाच्या ताडपत्र्या स्वस्तात, लगेच मिळतात, मग हा खटाटोप कशाला? लागणारे माप तयार मापाच्या फूट-दीड फूट आत असेल तर तयारच घ्यावी. मापाबरहुकूम करण्याचा हट्ट तिथे पैसे घालवतो. पण दोन ताडपत्र्या एकमेकींवर चढवून भागवायचे ठरवले तर पाणी त्या फटीतूनच शिरते. कारखान्यात उष्णतेने केलेला जोड हाताने साधत नाही. आणि मोठी ताडपत्री कापली तर त्या बाजूची दुमड, दोरी, आयलेट तिन्ही जातात आणि वीण उसवू लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : दरवर्षी हलकी ताडपत्री घ्यावी, ती जाड ताडपत्रीपेक्षा एकूण स्वस्त पडते. काही कामांपुरते हे खरे आहे. सुडी दोन-तीन आठवडे झाकायची आणि नंतर ताडपत्री सुकवून सावलीत ठेवायची असेल तर हलकी पुरते. जी बारा महिने छपरावर राहते तिचा शत्रू मात्र ऊन असते. अतिनील किरणांनी पॉलिथिलीनच्या साखळ्या तुटतात आणि कापड ठिसूळ होते. तिथे अतिनील-रोधक द्रव्य मिसळलेले आहे का, हा प्रश्न जाडीच्या आधी विचारावा. काळ्या रंगासाठी वापरली जाणारी काजळी याच कामी येते, म्हणून उन्हात कायम राहणाऱ्या कामाला काळा पृष्ठभाग चांगला. ट्रकसारखी रोज ओढाताण होणारी ठिकाणे पीव्हीसीचा लेप दिलेल्या पॉलिस्टर कापडाची. तिथे ५००-६०० जीएसएमचा खर्च सार्थकी लागतो. सुती कॅनव्हास मागे पडला असला तरी त्यातून हवा खेळते, हा गुण प्लॅस्टिकमध्ये नाही. ओल्या सोयाबीनवर प्लॅस्टिक घट्ट बांधले तर आतल्या आत घाम धरतो आणि बुरशी येते. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा एरवी १२ टक्के असते. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. तेव्हा ऊन पडताच ताडपत्री काढायची, ही शिस्त कोणत्याही जीएसएमला चुकत नाही. शेततळ्याचे अस्तर वेगळ्या मानकाचे, वेगळ्या कामाचे. त्यावर पुढच्या आठवड्यात.

राहिला प्रश्न माल वेळेवर मिळण्याचा. मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मागणी नोंदवणारा त्या वर्षी उघड्यावर पडला असेल, कारण तेव्हाच सगळीकडून मागण्या येतात आणि कारखान्यात रांग लागते. कोकणातल्या छपरांसाठी एप्रिलअखेर मागणी गेलेली असावी. दर विचारताना जीएसटी, भाडे, आणि माल दारात मिळणार की ट्रान्सपोर्टच्या गोदामातून आणायचा, हे वेगवेगळे विचारून घ्यावे. वजनाचाही विचार आधी हवा : ६० बाय ४० फुटांची ६०० जीएसएमची पीव्हीसी ताडपत्री सुमारे १३४ किलोंची होते, ती उतरवायला चार-पाच माणसे लागतात. मापाबरहुकूम केलेला माल सहसा परत घेतला जात नाही, म्हणून कच्चे माप पाठवल्यावर विक्रेत्याकडून तयार माप, आयलेटचे अंतर, रंग आणि वजन लिहिलेला कागद मागवावा आणि मगच आगाऊ रक्कम द्यावी. माल आल्यावर तो पसरून चारही बाजू मोजाव्यात आणि दोन्ही कर्णही. कर्ण सारखे नसतील तर ताडपत्री तिरपी कापलेली आहे. गाठोडे फाटलेले किंवा भिजलेले दिसले तर पोचपावतीवर सही करण्याआधी तिथेच तसे लिहावे. कोरी सही झाली की कारखानदार वाहतूकदाराकडे बोट दाखवतो आणि वाहतूकदार कारखानदाराकडे.