जुना संगणक आणि नवें ग्राफिक्स कार्ड

चिंचवडचे एक गृहस्थ चाकणच्या कारखान्यांत पाळीनें काम करतात आणि आपल्या संगणकाचे भाग वर्षानुवर्षें स्वतः पारखून घेतात. २०१६ सालीं निघालेलें जीटीएक्स १०६० हें त्यांचें ग्राफिक्स कार्ड. पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरविण्यासाठीं त्यांत १२८० लहान गणकें एकदम राबतात. परंतु नव्या खेळांत चित्र अडखळूं लागलें. मुलाचा आग्रह आणि दिवाळीचा बोनस, दोन्ही एकदमच आलीं. २०२१ च्या आरटीएक्स ३०६० मध्यें अशीं गणकें ३५८४ असतात.

दुकानदार म्हणाला, “लावा आणि खेळा, साहेब!” गृहस्थांनीं मात्र विजेची चौकशी केली. जुन्या कार्डास १२० वॉट पुरत, नव्यास १७० लागतात. मदरबोर्डच्या खांचेंतून फार तर ७५ वॉट मिळतात. बाकीची वीज पॉवर सप्लायमधून वेगळ्या तारेनें, बहुधा आठ पिनांच्या जोडणीनें, यावी लागते. त्यांचा सप्लाय ४०० वॉटचा, तार सहा पिनांची. उत्पादकाची शिफारस ५५० वॉटची. जोडतुकडा लावून भागेल, असें दुकानदार सांगूं लागला. तापलेल्या तारा रोज पाहणाऱ्या माणसास हें कसें पटावें?

बोनस एकाच वस्तूपुरता होता. त्यांनीं सप्लाय घेतला. मुलगा चार दिवस रुसला. कार्ड तीन महिन्यांनीं आलें. तोंपर्यंत पेटींतील जागा त्यांनीं दोनदां मोजून ठेवली होती.