विसर की उदासी?

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ आपल्या सत्तरीच्या आईंना घेऊन दवाखान्यात आले. "डॉक्टर, आईला स्मृतिभ्रंश झालाय, काही आठवतच नाही." मी आजींना वार विचारला. "ठाऊक नाही." नातवंडांची नावे? "राहू द्या हो." मुलाची खात्री झाली; मला मात्र शंका आली. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बहुधा उत्तर शोधतो, चुकतो आणि चूक झाकू पाहतो. आठवण्याचा यत्न न करताच प्रश्न परतवणारे मन पुष्कळदा नैराश्याने ग्रासलेले असते. अर्थात हा ठोकताळाच; दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. म्हणूनच वस्तीवस्तीत ज्येष्ठांची चाळणी चाचणी दोन्हींसाठी व्हावयास हवी.

स्मरणशक्तीची तीस गुणांची प्रसिद्ध चाचणी १९७५ची, अमेरिकेतली. तीत वाक्य लिहावे लागते, शंभरातून सात-सात वजा करावे लागतात. शाळेचे तोंड न पाहिलेली आजी तेथे नापास होणारच! हरियाणातील बल्लभगढ परिसरात निरक्षर वृद्धांसाठी तिचे हिंदी रूप घडवले गेले, ते याच कारणाने. नैराश्यासाठी पंधरा प्रश्नांची, 'हो-नाही' उत्तरांची प्रश्नावली आहे. तीत झोप आणि भूक यांविषयी प्रश्न नाहीत, कारण म्हातारपणी त्या तक्रारी इतर कारणांनीही उद्भवतात.

मात्र चाळणी म्हणजे निदान नव्हे. कमी गुण मिळाले की पुढील तपासणी हवी: थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्व, चालू औषधे, कानही. ऐकूच न आलेला शब्द आठवणार कसा?

शिबिरात ज्येष्ठांना नेताना चष्मा, श्रवणयंत्र आणि औषधांच्या पट्ट्या सोबत घ्याव्यात. घरातल्यांनी आपले निरीक्षण डॉक्टरांना स्वतंत्रपणे सांगावे. आजोबांच्या वतीने उत्तरे देऊ नयेत. (हा मोह मुलांपेक्षा सुनांना कमी होतो, असा माझा अनुभव!) जगण्याचा कंटाळा कुणी बोलून दाखवला, तर 'असे बोलू नये' म्हणून विषय टाळू नये, शांतपणे ऐकावे, एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र, विनामूल्य उपलब्ध असतो.

त्या आजींचे यजमान आठ महिन्यांपूर्वी निवर्तले होते. ब-१२ही कमी निघाले. समुपदेशन आणि औषधे सुरू केली. चार महिन्यांनी त्या आल्या तेव्हा मी त्यांच्या धाकट्या नातीचे नाव चुकीचे घेतले. आजींनी ते लगेच दुरुस्त केले.