नाव न सांगता मदत : सोय आणि मर्यादा

मदत मागणाऱ्याने आधी नाव नोंदवावे की नाही, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतील ॲक्रन येथे १९३५ मध्ये सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या मद्यमुक्ती संघटनेने पूर्ण नाव सांगण्याची सक्ती ठेवली नाही. मद्यपान थांबवण्याची इच्छा एवढीच तिच्या सदस्यत्वाची अट आहे.

आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत भारतात या प्रश्नाला कायद्याचीही किनार होती. असा प्रयत्न भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ नुसार गुन्हा ठरत असे व त्यासाठी एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद होती. साहजिकच नाव सांगण्याची धास्ती वाटे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले. १ जुलै २०२४ रोजी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम नाही. केवळ लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न दंडनीय आहे.

लोकलज्जा मात्र कायदा बदलल्याने जात नाही. म्हणूनच निनावी संभाषणाचे मोल आजही आहे. परंतु जिवाला धोका असताना दूरध्वनी मध्येच बंद झाला, तर ठावठिकाणा माहीत नसलेला समुपदेशक हतबल होतो. त्यामुळे नाव ऐच्छिक ठेवून, धोका जाणवताच पत्ता विचारणे अधिक हितावह ठरते. २०१७ च्या कायद्यानेही रुग्णाच्या माहितीची गोपनीयता बंधनकारक केली आहे, पण जीवितास असलेला धोका टाळण्यापुरती माहिती देण्याची मुभा ठेवली आहे.

केंद्र सरकारची 'टेली मानस' ही निःशुल्क सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते.