धर्मग्रामाचा चरितार्थ

रविवारच्या मिस्सेत प्रवचन संपते, भाकर व द्राक्षारस वेदीकडे नेले जातात, आणि त्याच वेळी भाविकांच्या रांगांमधून एक कापडी पिशवी हातोहात फिरू लागते. अपरिचित पाहुण्यास हा प्रकार थोडा विचित्र वाटण्याचा संभव आहे. उपासनेच्या ऐन मध्यावर हा जमाखर्च कशासाठी, असा प्रश्न त्याच्या मनात येईल. वस्तुतः ती पिशवी उपासनेत मागाहून शिरलेली नाही. संत पौलाने करिंथच्या मंडळीला आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या ऐपतीप्रमाणे काही बाजूस काढून ठेवण्यास सांगितले होते. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिनने रोमन सम्राटास उद्देशून जे निवेदन लिहिले, त्यातही रविवारच्या उपासनेचे वर्णन करताना या वर्गणीचा उल्लेख आहे. ज्याला जे वाटेल ते त्याने द्यावे आणि जमलेल्या रकमेतून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परदेशस्थ यांची तरतूद व्हावी, अशी ती व्यवस्था होती.

धर्मग्राम म्हणजे एका विशिष्ट परिसरातील कॅथोलिक कुटुंबांचा समुदाय. त्यावर बिशपने नेमलेला एक प्रमुख धर्मगुरू असतो. चर्चची इमारत ही या समुदायाची वास्तू होय, समुदाय नव्हे. हा भेद ध्यानात घेतला नाही, तर पैशाचा प्रश्न नीट उलगडत नाही. कारण इमारतीला आश्रयदाता मिळू शकतो, समुदायाला मात्र स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते.

पश्चिम किनाऱ्यावरील कॅथोलिकांना या आश्रयदात्याची सवय फार जुनी. गुजरातच्या बहादुरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली, आणि पोर्तुगालच्या राजाने पोपशी झालेल्या करारान्वये धर्मकार्याचा भार स्वतःच्या शिरावर घेतलेला असल्यामुळे चर्चचा खर्च राजाच्या खजिन्यातून व धर्मसंघांना दिलेल्या गावांच्या उत्पन्नातून चालू लागला. गोव्यात तर १५४१ साली देवळांकडे असलेल्या जमिनींचे उत्पन्नच चर्चकडे वळविण्यात आले. हे दान ज्यांनी दिले त्यांना ते कितपत स्वेच्छेने देता आले, याविषयी इतिहासकारांना वेगळे सांगावयास नको. सांगण्याचा मुद्दा इतकाच की, या व्यवस्थेत सामान्य भाविकाला काही द्यावे लागत नव्हते आणि म्हणून काही विचारण्याचा अधिकारही नव्हता.

चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली आणि तेथील राजाश्रय एका मोसमात संपला. युरोपीय धर्मसंघ निघून गेले. गावे गेली, उत्पन्ने गेली. तरीही वसईचे धर्मग्राम टिकले, आणि ते टिकविले भातशेती, केळी व पानवेली पिकविणाऱ्या कुटुंबांनी. पुढे मुंबई इलाख्यातील मिशनचा भार जर्मन येशूसंघीयांनी वाहिला. १९१४ चे महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने त्यांना नजरकैदेत टाकले व नंतर मायदेशी धाडले. दूरच्या मदतीवर उभ्या असलेल्या कामाचे दूरच्या घडामोडींनी काय होते, याचा हा दुसरा धडा होता. परदेशातून येणाऱ्या देणग्यांवर १९७६ साली कायद्याचे नियंत्रण आले आणि २०१० व २०२० साली ते अधिक कडक झाले, हे त्याच कथेचे अलीकडचे प्रकरण म्हणता येईल.

मग आज धर्मग्रामाचा चरितार्थ चालतो कशावर? रविवारची पिशवी हा पहिला आधार. त्याखेरीज कुटुंबांची मासिक वा वार्षिक वर्गणी, लग्नविधी व दफनविधीच्या प्रसंगीचे अर्पण, सणाच्या देणग्या आणि कोठे एखाद्या सभागृहाचे भाडे. मिस्सेच्या हेतूसाठी दिलेले अर्पण वेगळे; ते त्या धर्मगुरूकडे जाते, परंतु दिवसात मिस्सा कितीही केल्या तरी, नाताळचा दिवस सोडल्यास, एकाच मिस्सेचे अर्पण त्याला स्वतःकडे ठेवता येते. खर्चाची बाजू मात्र लांबलचक आहे. धर्मगुरूंचा निर्वाह, सेवकांचे पगार, वीज, दुरुस्ती, मुलांचे धर्मशिक्षण, स्मशानभूमीची देखभाल, गरजूंना साहाय्य आणि धर्मप्रांताला द्यावयाचा वाटा. शिवाय काही रविवारांचा निधी धर्मग्रामात राहतच नाही. शुभ शुक्रवारी जमलेले पवित्र भूमीकडे जाते, जूनअखेरचे पोपच्या धर्मादाय कार्यासाठी, आणि ऑक्टोबरमधील मिशन रविवारचे जगभरच्या गरीब मिशनांसाठी. पिशवी भरलेली दिसली म्हणजे चर्च श्रीमंत आहे, असा समज करून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवणे बरे.

येथे एक मानवी दुबळेपणाही नमूद केला पाहिजे. नवी वेदी, संगमरवरी फरशी, नाव कोरलेले बाक यांसाठी देणगीदारांची वाण पडत नाही. गळणाऱ्या कौलांसाठी व विजेच्या बिलासाठी मात्र कोणी आपण होऊन पुढे येत नाही, कारण बिलावर नावाची पाटी लावता येत नाही. दीपमाळ बांधून देणारे पुष्कळ आणि तेल घालणारे थोडे, हा अनुभव मराठी मुलखातील देवस्थानांनाही नवा नाही. धर्मविधीचा कायदाही येथे देणगीदाराच्याच बाजूस आहे. विशिष्ट कारणासाठी दिलेला पैसा त्याच कारणासाठी खर्च झाला पाहिजे, असे १९८३ ची धर्मसंहिता सांगते. त्यामुळे बाकासाठी आलेल्या हजारो रुपयांतून छपराचे एक कौलही बदलता येत नाही. विनाअट दिलेल्या लहान वर्गणीचे मोल मोठ्या देणगीहून अधिक ठरते ते याच कारणाने.

त्याच संहितेने भाविकांवर चर्चच्या गरजा भागविण्याचे कर्तव्य घातले आहे, पण रक्कम ठरवून दिलेली नाही. दशांशाची सक्ती आज कॅथोलिकांवर नाही. जर्मनीत प्राप्तिकराच्या आठ किंवा नऊ टक्क्यांइतका चर्चकर सरकारमार्फत वसूल होतो. तेथील तिजोरी भरलेली असते, आणि तो कर टाळण्यासाठी लोक सरकारदप्तरी चर्चमधून आपले नावही काढून घेतात. भारतात अशी वसुली नाही, हे एका परीने बरेच झाले. देणे येथे विवेकावर सोपविलेले आहे. देता न येणाऱ्यास संस्कारांपासून वंचित ठेवता येत नाही, हेही संहितेने स्पष्ट केले आहे. दोन दमड्या टाकणारी विधवा शुभवर्तमानात गौरविली गेली, ती रकमेसाठी नव्हे.

विवेकाला आवाहन करावयाचे, तर त्याच्यापुढे हिशेबही ठेवावयास हवा. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना दिला पाहिजे, असे धर्मसंहितेचे बंधन आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थांच्या १९५० च्या कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांची देखरेख आहे ती निराळीच. तथापि कायद्याने ताळेबंद तयार होतो. तो वाचणारे डोळे कायदा पुरवू शकत नाही. वसईत मॉन्सिन्यॉर मोनीस यांनी १९१८ साली कॅथोलिक सहकारी बँकेचा पाया घातला. लहान शेतकऱ्यांच्या थोड्याथोडक्या ठेवी एकत्र येऊन काय उभे राहू शकते, हे त्या समाजाने शंभर वर्षांहून अधिक काळ पाहिले आहे. बँकेचा सभासद वार्षिक सभेत एकेका आकड्यावर उभा राहून प्रश्न विचारतो. तोच मनुष्य धर्मग्रामाच्या जमाखर्चाबद्दल मौन पाळतो आणि पिशवीत मात्र वडिलांच्या काळी पडत असे तेच नाणे टाकतो. प्रश्न न विचारणे हा भक्तीचा प्रकार नव्हे, तशीच जुन्या दराची वर्गणी ही परंपराही नव्हे. ज्या धर्मगुरूंनी वर्षाचा हिशेब मिस्सेनंतर वाचून दाखविण्याचा प्रघात ठेवला आहे, त्यांना वर्गणीसाठी वेगळे प्रवचन करावे लागत नाही.

शेतीच्या काळी देणे धान्यरूपाने होई. मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या वेदीकडे आणण्याची चाल आजही आहे. शेते मात्र बहुतेक इमारतींखाली गेली. कुटुंबेही पांगली. कोणी दिल्लीस, कोणी बडोद्यास, कोणी आखातात आहे. ही मंडळी गावच्या सणासाठी आठवणीने पैसे पाठवितात. परंतु जेथे राहतात तेथील चर्चमध्ये, जेथे त्यांची मुले धर्मशिक्षण घेतात आणि जेथील धर्मगुरू त्यांच्या आजारपणात धावून येतो, तेथे ती वर्षानुवर्षे पाहुण्यासारखी मागच्या बाकावर बसतात. धर्मसंहितेचा हिशेब याबाबतीत सरळ आहे. एखाद्या ठिकाणी तीन महिने राहण्याच्या इराद्याने मनुष्य आला, की तेथील धर्मग्राम त्याचा होतो आणि तेथील धर्मगुरू त्याचा धर्मगुरू होतो. गावाकडे पैसे पाठविण्यास त्याला कोणी मनाई केलेली नाही. पण रविवारी त्याच्या पुढ्यातून जी पिशवी जाते, ती त्याच्याच घरची असते.