ओटीबरोबर फाईलही!

मैत्रिणींनो, पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी पद्धत. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते आणि लेक माहेरी येते. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवताना मला नेमकी याच दिवसांची जास्त काळजी वाटते. फाईल सासरच्या कपाटात राहते, माहेरचे डॉक्टर नवे असतात आणि महिना-दीड महिना तपासणी होतच नाही. प्रेशर वाढण्याचा काळ हाच, आणि पहिलटकरणीला त्याचा धोका अधिक!

पाचव्या महिन्यानंतर प्रेशर 140/90 किंवा त्याहून वर गेलं आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, की त्याला प्री-एक्लॅम्पशिया म्हणतात. सुरुवातीला काही दुखत-खुपत नाही. पण वारेतून बाळाला होणारा रक्तपुरवठा कमी पडतो, बाळाची वाढ खुंटते. कधी वार वेळेआधीच सुटते. आईच्या किडनी-लिव्हरवर ताण येतो आणि झटके येऊ शकतात. झटके आले की 'बाहेरचं' म्हणून अंगारा लावत बसू नका. रुग्णालयात मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात, त्यानं झटके आटोक्यात येतात.

मागे एक मुलगी आईबरोबर आली. आठवा महिना. डोकं दुखत होतं, छातीखाली कळ येत होती. "पित्त झालंय हो, आणि पाय तर सुजायचेच," आई म्हणाली. प्रेशर निघालं 170/110! तातडीनं जिल्ह्याच्या गावी पाठवलं. मायलेकरं वाचली, पण दीड किलोचं बाळ कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होतं.

पायावर थोडी सूज अनेकींना येते. पण चेहरा-हात अचानक सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पोटात वरच्या बाजूला दुखलं, तर अंगावर काढू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, नाहीतर 108 ला फोन करा. नुसतं अळणी जेवून हे प्रेशर उतरत नाही. गोळ्यांनी ते ताब्यात राहतं, पण आजाराची खरी सुटका बाळंतपणानंतरच.

सातव्या महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी आणि नवव्यात दर आठवड्याला प्रेशर व लघवी तपासून घ्या. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. आधीच्या खेपेला हा त्रास झाला असेल, तर यावेळी तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना सांगा. ते अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू करू शकतात. मनानं मात्र घेऊ नका.

आणि हो, बाळंत झाली म्हणजे सुटलो, असं नाही! झटके नंतरही येऊ शकतात. म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका, घरी आल्यावरही प्रेशर मोजत राहा.

सासूबाई, सुनेची ओटी भराल तेव्हा तिची फाईलही पिशवीत ठेवा. आणि आईनं लेकीची दृष्ट जरूर काढावी, पण दुसऱ्याच दिवशी तिचं प्रेशरही मोजून घ्यावं.